अकरा जागा

३ फेब्रुवारी

तालमीची आज पहिली संध्याकाळ. मॅम लोरेतोनं सगळ्यांना एकेक वही वाटली आणि बजावलं, रोज घरी गेल्यावर आपापल्या चुका लिहून काढायच्या. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण बाईंच्या हातातली छडी काही सुटत नाही.

मी एकोणतीस वर्षं आमच्या गावाच्या सार्सुवेलात, म्हणजे संगीत नाटकात, खलाशी होतो आहे. बारा वर्षांनी बोटीवरून घरी येणारा, बायको ओळखत नाही म्हणून गाऊन गाऊन तिची खात्री पटवणारा खलाशी. गाणी मला झोपेतही येतात. मी कसल्या चुका लिहिणार? पण वही कोरी ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून दुसऱ्यांच्या लिहितो.

गोर्योच्या व्हायोलिनचा गज पार झिजलाय, कापसावर घासल्यासारखं वाजतं. त्याला तसं सांगितलं तर माझ्या तोंडाकडे नुसता बघत राहिला. कोरसमधल्या बायका पुटपुटतात. पूर्वी कोरस चोवीसांचा होता, आता नऊ उरलेत. बाकीचे दुबईला नाहीतर बोटीवर. जे उरलेत त्यांनी तरी तोंड उघडावं की नाही?

माझ्या चुका : नाहीत.

११ फेब्रुवारी

शेजाऱ्यांना देवानं अखेर बुद्धी दिली. रोज दुपारपासून कराओके लावून गाव डोक्यावर घ्यायचे. अजूनही अंगणात माइक धरून उभे असतात, पण आवाज इतका बारीक ठेवतात की मला दुपारची झोप लागते. त्यांचा कोंबडाही पहाटे ओरडायचा थांबलाय. बहुधा फिएस्टाच्या, गावच्या जत्रेच्या, आधीच कापला असेल.

दुकानात आज एक गिऱ्हाईक भांडून गेलं. त्याला म्हणे फक्त कानामागचे केस कमी करायचे होते. मग नीट सांगायचं की! ओठांतल्या ओठांत बोलायची ही नवीन फॅशन आलीय. परवा सौदीतल्या दम्मामहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला होता, तीही तशीच. लाइन खराब असेल. मी हो हो म्हणत राहिलो. कशाला हो म्हणालो देव जाणे.

माझी बायको मेनांग जाऊन सात वर्षं झाली. ती मात्र स्वच्छ बोलायची. माझ्यावर ओरडताना तर फारच स्वच्छ.

२१ फेब्रुवारी

आज दुसऱ्या गाण्याला मी उशिरा सुरुवात केली. माझा दोष नाही. गोर्योनं सुरावट वाजवलीच नाही, नुसता गज हलवत होता. मी तसं तोंडावर म्हटलं. मॅम लोरेतो माझ्याकडे वळून म्हणाली, "पुन्हा घेऊ या."

विंगेत कुलास उभा होता. कुलास सुतार. नेपथ्य तो करतो आणि माझी गाणी ओठांतल्या ओठांत घोकतो. त्याला वाटतं मला दिसत नाही. आमच्या खेळाचा नियम गावातलं शेंबडं पोरही जाणतं. खलाशाची काठी ज्याच्या हातात, भूमिका त्याची. तो आपणहून, शेवटच्या खेळानंतर, रंगमंचाच्या पायरीवर दुसऱ्याच्या हातात काठी देत नाही तोवर कुणी मागायची नाही. मागणं सोडाच, "तात्या, दमलात का" असंसुद्धा विचारायचं नाही. मला ती ज्यांनी दिली ते पंचाहत्तर वर्षांचे होते आणि त्यांना दात नव्हते. मी त्रेसष्टचा आहे. कुलासनं घोकत बसावं.

२६ फेब्रुवारी

लिहू नये असं वाटतं, पण लिहितो.

आज मंगळवार, तालमीचा वार नाही. संध्याकाळी वस्तऱ्याला धार लावून परत येताना चर्चच्या आवारात दिवे दिसले म्हणून डोकावलो. सगळी मंडळी तिथे. मला सोडून सगळी. आणि मध्ये पुरिंग कुलासचा हात हातात धरून उभी. मॅम लोरेतो वही घेऊन बाजूला, गोर्यो वाजवतोय, आणि पुरिंग कुलासच्या हाताकडे टक लावून बघतेय. मला पाहताच सगळे दगड झाले. पुरिंगनं हात असा सोडला, जणू तव्याला लागला.

"चुकून जमलो, मांग सियानो!" बेबांग माझ्या तोंडासमोर येऊन ओरडली. ही मासेवाली; वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे मांग म्हणतात, बाईला आलिंग. बाजारात बोलते तशीच इथे बोलते. "नाच बसवत होतो!"

नाच म्हणे. आमच्या खेळात खलाशी आणि त्याची बायको नाचत नाहीत.

आलिंग पुरिंग सहा वर्षं माझी रंगमंचावरची बायको आहे. सकाळी चर्चसमोर बिबिंगका, तांदळाचे गोड केक, भाजते. नवरा बुडून गेला त्याला पंधरा वर्षं झाली. मला तिच्याबद्दल काही वाटतं असं मी कधी म्हटलेलं नाही. पण कुलासचा हात धरलेला पाहिला आणि बेबांगशी पुढे न बोलता निघालो. घरी येऊन भात तसाच झाकून ठेवला.

१ मार्च

तालमीला जाणारच नव्हतो. गेलो.

दुसऱ्या गाण्याला पुरिंग माझा हात धरून उभी असते, ते नाटकातच आहे. आज सुरुवातीच्या क्षणी तिनं माझा हात दाबला. मी इतका दचकलो की तोंडातून गाणंच बाहेर पडलं, आणि नेमकं वेळेवर. मला वाटलं चुकून दाबला गेला. पण चौथ्या गाण्याला परत, आणि शेवटच्यालाही.

तीन वेळा. चुकून तीनदा होत नाही.

कुलासकडे तिनं आज ढुंकूनही पाहिलं नाही.

१४ मार्च

सहा वेळा.

माणूस म्हातारा झाला तरी मोजायचं सोडत नाही. दाबायची तिची एक पद्धत आहे. अंगठा माझ्या मनगटावर येतो, मग चारही बोटं घट्ट होतात, मग सैल. मी गाऊ लागतो. आवाज असा लागतो जसा दहा वर्षांत लागला नव्हता. मॅम लोरेतो म्हणाली, "सियानो, आता एकदम जागेवर येतोस हं." मी मनात म्हटलं, बाई, का येतो ते तुम्हाला काय माहीत.

तालमीनंतर पुरिंग सगळ्यांसाठी आल्याचा काढा आणते, घसा बसू नये म्हणून. पहिला पेला मला देते. आज देताना अगदी समोर येऊन, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "गरम आहे, जपून." हल्ली सगळेच असे तोंडासमोर येऊन बोलतात. बाकीच्यांचं मला आवडत नाही. तिचं चालतं.

रेड्याचं एक शिंग बरेच दिवस दुकानात पडून होतं. त्याची फणी करायला घेतली आहे. तिचे केस अजून दाट आहेत.

२९ मार्च

बाजारात बेबांगनं माझ्या सदऱ्याची कॉलर धरून मला मागे ओढलं. एक ट्रायसिकल रिक्षा अंगाला घासून गेली. हॉर्न वाजवायचा नाही, गुरासारखं अंगावर यायचं! मी त्याला शिव्या घातल्या. बेबांगच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "अगं, रडतेस काय? मेलो नाही मी." ती काहीतरी म्हणाली आणि मला हाताला धरून पार दुकानापर्यंत सोडायला आली. मासे तसेच टोपलीत टाकून. माझ्या बाहीला संध्याकाळपर्यंत माशांचा वास होता.

या मंडळींना मी नावं ठेवतो, पण खरं सांगायचं तर घरात माझ्याशी बोलणारं कुणी नाही. हे आहेत म्हणून आठवड्याचे वार तरी मला माहीत असतात.

आता पवित्र सप्ताह, तालमी बंद. हे दिवस मला कायम अंगावर येतात.

१८ एप्रिल

अकरा.

पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत जिथे जिथे मला गाणं सुरू करायचं असतं तिथे तिथे. सगळ्या अकरा जागा. आता एकही सुटत नाही. फेब्रुवारीत काहीच नव्हतं, मार्चच्या पहिल्या तारखेला तीन, मग सहा, आता अकरा. मला हिशेब येत नाही असं मेनांग म्हणायची, पण हा हिशेब कुणालाही येईल.

ठरवलं. फिएस्टाला दोन खेळ असतात, चौदा आणि पंधरा मेला. पंधराच्या खेळानंतर, वेश उतरवायच्या आधी, पुरिंगला विचारायचं. माझ्या घरात दोन खोल्या आहेत आणि मागे आंब्याचं झाड. तिची बिबिंगकाची भट्टी झाडाखाली बसेल. तिनं नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी कुठल्या तोंडानं तिच्यासमोर गाणार? या विचारानं झोप लागत नाही. पण अकरा वेळा हात दाबणारी बाई नाही कशी म्हणेल?

७ मे

फणी झाली. दाते घासून घासून असे गुळगुळीत केलेत की केसात अडकणारच नाहीत. वेशाच्या सदऱ्याला आतून खिसा शिवून घेतला.

काढा पिताना पुरिंगजवळ बसलो. धीर करून म्हटलं, "इतक्या वेळा दाबून हात दुखत नाही का तुझा?"

ती एकदम लाल झाली. पेला खाली ठेवला. मग तोंड वर करून, माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला कळलं होय?"

"मी काय दगड आहे?"

"रागावला नाहीत ना?"

"रागावू कशाला? मला आवडतं."

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि डोळे पुसले. म्हणाली, "बरं झालं. मला फार ओझं झालं होतं. सांगायचं कसं तेच कळत नव्हतं."

बिचारी. इतके दिवस मनात ठेवून होती. मी आणखी काही बोललो नाही. उरलेलं पंधरा तारखेला.

१२ मे

पुरिंगची लेक बातांगासला बाळंतपणात अडली. पुरिंग आज दुपारच्या बसनं गेली. पंधराला येते म्हणाली, चौदाच्या खेळाला नाही. चौदाला तिची जागा बेबांग घेणार. सगळ्या बायकांत तिलाच सगळे शब्द येतात. सहा पोरांची आई, नवरा आमच्याच वाद्यवृंदात ढोल वाजवतो.

मॅम लोरेतो बेबांगला कोपऱ्यात घेऊन दोन तास काहीतरी शिकवत होती, हातात हात धरून. मी म्हटलं, शब्द येतात ना तिला? मग शिकवणी कसली?

१४ मे

खेळ झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हात हलताना दिसत होते.

जसं झालं तसं लिहितो.

पहिल्या गाण्याला बेबांगनं माझा हात दाबला. तिचा हात खरखरीत, पंजा पुरुषासारखा, हाडं मोडतील असा दाबला. माझं डोकं तडकलं. हिचा नवरा पंधरा पावलांवर ढोल बडवतोय आणि ही काय करतेय? रागाच्या भरात मी गायला लागलो. दुसऱ्या गाण्याला तिनं परत दाबला. मी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर पळाली असती. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती गोर्योच्या गजाकडे बघत होती. ओठ हलत होते. मोजत होती.

तिसऱ्यांदा तिचा अंगठा माझ्या मनगटावर आला, मग चार बोटं.

तेव्हा कळलं.

उरलेल्या आठही जागांवर तिनं दाबला. एकही चुकली नाही. बाईचं पाठांतर चांगलं आहे.

घरी येऊन ही वही पहिल्या पानापासून वाचली. गोर्योचा गज. शेजाऱ्यांचं कराओके. कोंबडा. ट्रायसिकल. मंगळवारी कुलासचा हात धरून पुरिंग काय शिकत होती ते. सगळं मीच लिहून ठेवलंय, माझ्याच अक्षरात, तारखेसकट. चुका लिहायची वही होती ना, अगदी तशीच भरली.

१५ मे, सकाळ

शेजाऱ्यांचा कोंबडा कापलेला नाही. पहाटे उठून बघून आलो. कुंपणावर उभा राहून चोच उघडत होता.

फिएस्टाची दाढी करायला कुलास दुकानात आला. गालांना फेस लावला, वस्तरा गळ्यावर टेकवला आणि आरशात बघून विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुम्हा लोकांना?"

तो हलला नाही. हलायची सोय नव्हती. मी वस्तरा जरा दूर घेतला. मग तो आरशातल्या माझ्याकडे बघत, सावकाश, मोठं तोंड करून म्हणाला, "जानेवारीपासून. चर्चची घंटा होत असताना तुम्ही मला विचारलंत, आज घंटा का नाही झाली."

"मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगणार? सांगितलं की काठी मागितल्यासारखंच. मला तर सगळ्यात वाईट. लोक म्हणाले असते, कुलासला घाई झाली." त्याच्या गालावरचा फेस ओघळला. "मॅमनी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याचं नाव निघेल त्यानं सांगायचं. आलिंग पुरिंगचं निघालं. ती रात्रभर रडली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, मी नाही सांगणार, मी हात धरीन. मग तुम्हीच तिला म्हणालात ना, कळलंय, आवडतं? आम्हा सगळ्यांच्या जिवावरचं ओझं उतरलं, मांग सियानो. त्या दिवशी बेबांगनं सगळ्यांना मासे वाटले."

मी त्याची दाढी पूर्ण केली. कुठेही कापलं नाही.

रडलो नाही. रडायला राग यावा लागतो, आणि कुणावर रागवायचं? सगळी मंडळी, तीन महिने, माझ्या पाठीमागे माझ्यासाठी तालीम करत होती. एवढं माझ्या सख्ख्या भावानं केलं नाही. पण आज माझं मन त्यांच्यावर नाही. मला एकच पाहिजे होतं, आणि ते कुणी दिलेलंच नव्हतं. मला वाटलं होतं दिलंय.

१६ मे

काल पुरिंग दुपारी आली. पिशवी हातात घेऊनच थेट चर्चच्या आवारात. नात झाली. माझ्यासमोर येऊन दोन्ही हातांनी बाळ केवढं ते दाखवलं. मी म्हटलं, "देवाची कृपा." कुलासला दम दिला होता, तिला काही सांगायचं नाही, त्यामुळे तिला ठाऊक नव्हतं.

खेळ सुरू झाला. पहिल्या जागी तिनं हात दाबला, मी सुरुवात केली. दुसऱ्या, तिसऱ्या. काल मी प्रथमच लक्ष देऊन पाहिलं. दाबण्याच्या मधल्या वेळात तिचा हात माझ्या हातात नुसता असतो. वर्षानुवर्षं भट्टीसमोर राबलेल्या बाईचा, दमलेला. इतके दिवस मला ते दिसलंच नव्हतं. मी फक्त अकरा मोजत होतो.

शेवटचं गाणं. बायको खलाशाचा हात हातात घेऊन चाचपते, आणि तो गाऊ लागतो, आणि मग ती त्याला ओळखते. अकरावी जागा. यानंतर माझ्या आयुष्यात ही जागा येणार नव्हती, कारण काठीचं मी सकाळीच ठरवलं होतं.

तिचा अंगठा आला. चार बोटं आली. दाबला.

मी गप्प राहिलो.

गोर्योचा गज वर गेला, खाली आला, त्याच फेरीला परत लागला. तिनं दुसऱ्यांदा दाबला. मी तिच्याकडे बघत उभा. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा तिचे डोळे मोठे झाले होते. विंगेतून कुलास पहिला शब्द तोंडानं मोठा मोठा करून दाखवत होता. मॅम लोरेतो खुर्चीतून उठली होती. बेबांगनं छाती भरून घेतली होती, माझ्याऐवजी तीच सुरू करणार होती. कोरसमधले सगळे माझ्या बाजूला झुकले होते, म्हातारा माणूस होडीतून उतरताना काठावरची माणसं झुकतात तसे.

चौथ्यांदा तिनं दोन्ही हातांनी दाबला. घट्ट. आणि सोडलाच नाही.

मग मी गायलो. बहुतेक बरा गायलो. समोरच्या रांगेतल्या बायका रुमालानं डोळे पुसत होत्या.

नंतर पायरीवर उभा राहून कुलासला काठी दिली. "कुणी मागितली नाही, मी देतो," असं म्हणायचं असतं, ते म्हटलं. तो मोठा घोडा लहान पोरासारखा रडला. मी त्याला सांगितलं, तुझे कान चांगले आहेत, तेव्हा पुढच्या वर्षी पुरिंगचा हात नुसता धरायचा.

ती काढ्याचा पेला घेऊन आली. पहिला मलाच. समोर बसली, तोंड माझ्याकडे करून. "शेवटच्याला काय झालं हो? चार वेळा दाबला मी. लागलं नाही का तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं. "नाही कळलं."

"जाऊ दे," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. "झालं ना शेवटी."

फणी खिशात होती. सकाळी दुकानात नेऊन बाकीच्या फण्यांबरोबर बरणीत ठेवली. दाते चांगले झालेत, गिऱ्हाइकांच्या केसांना चालेल.

मॅम लोरेतोनं वह्या परत मागितल्यात. ही देणार नाही. तरी नियम म्हणून लिहितो.

माझ्या चुका : एक. शेवटच्या गाण्याला उशीर. पहिल्याच दाबण्याला कळलं होतं.